वाफ्यात लावलेला पुष्पगुच्छ

मी आयुष्यात एकदाच कुणाला पुष्पगुच्छ पाठवला, आणि त्या माणसाने तो जमिनीत पुरला.

रागाने पुरला असता तर मी समजू शकले असते. पण त्यांनी तो प्रेमाने पुरला. खाली शेणखत घातलं, वरून पाणी दिलं, ऊन लागू नये म्हणून नारळाच्या झावळ्यांचा मांडव केला आणि या सगळ्या खटाटोपात स्वतःच्या पोटाचा टाका उसवून घेतला. हे गृहस्थ म्हणजे माझे चुलत सासरे, दामूकाका. पुष्पगुच्छ मी त्यांना लवकर बरं वाटावं म्हणून पाठवला होता.

आता मी आधी माझी बाजू सांगते, कारण आमच्या सासरी ही गोष्ट गेली कित्येक वर्षं माझी बाजू वगळूनच सांगितली जाते.

मी मूळची कराडकडची. लग्न करून विरारला आले ती फुलपाड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले. नवरा सुहास नोकरीवाला, पण घराणं वसईकडच्या बागायतदारांचं. मूळ घर नंदाखालला. तिथे दामूकाका, काकी, नारळ, केळी आणि फुलं. फुलं म्हणजे सोनचाफा, मोगरा, तगर. पहाटे तोडायची, टोपलीत भरायची आणि दादरच्या बाजारात पाठवायची. तिथल्या माणसाला फूल दिसलं की तो वास नंतर घेतो. आधी बघतो ते संध्याकाळपर्यंत टिकेल का.

त्यात दामूकाकांचं प्रस्थ मोठं. त्यांच्या हाताला यश आहे असं अख्खं गाव मानायचं. कुणी परगावाहून नव्या झाडाचा फाटा, म्हणजे लावायची फांदी, आणला, की तो ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी काकांकडे यायचा. काकांनी लावून दिला, त्याला पालवी फुटली, की मग त्याचे फाटे गावभर जायचे. काकांनी लावलं आणि जळालं असं एकही झाड कुणाला आठवत नव्हतं. (मला आता पाच-सहा आठवतात. पण ती नंतरची गोष्ट.)

तर त्या वर्षी एप्रिलमध्ये काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

आमच्या सासरी आजारी माणसाला भेटायला जाणं हा प्रकार फार कडक आहे. तीन दिवसांच्या आत जायचं. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि मोसंबी न्यायची. खुर्चीवर तासभर बसायचं, ऑपरेशन कसं झालं ते पहिल्यापासून ऐकायचं, 'आता जड काही उचलू नका' असं सांगायचं आणि चहा पिऊन निघायचं. कोण आलं आणि कोण नाही आलं हे काकींना वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं.

आणि माझ्याकडे तेव्हा तीन तुकड्यांचे वार्षिक परीक्षेचे पेपर आले होते. पेपर पलंगावर, पेपर ओट्यावर, पेपर देवघराखाली. सुहास एकटेच जाऊन आले. पाच दिवस झाले, मी गेले नाही.

सहाव्या दिवशी माझे दीर नितीन घरी आले. चेहरा उतरलेला.

"वहिनी, काका विचारत होते."

"काय?"

"काही नाही. 'मास्तरीणबाई कामात असतील' एवढंच म्हणाले."

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. दामूकाका ओरडणारे नव्हते. ते ज्याच्यावर रागवत त्याचा उल्लेख हुद्द्याने करत.

एरवी हेही चाललं असतं. पण नितीनचं लग्न मे महिन्यावर आलं होतं. माझे सासरे नव्हते, म्हणून देवकाला दामूकाका आणि काकी बसायचे ठरले होते. काका रुसून बसले तर देवक बसायचं नाही. देवक बसलं नाही तर लग्नघरात मांडवाखाली काय घडेल याचा विचारही नितीनला करवत नव्हता.

"वहिनी, तुम्ही उद्या जाऊन या ना."

"भाऊजी, चार दिवसांत निकाल द्यायचाय. पण मी करते काहीतरी."

हे 'करते काहीतरी' मी जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा तेव्हा काहीतरी झालंच आहे.

मला आमच्या मुख्याध्यापिका आठवल्या. त्यांचा मुतखडा काढला तेव्हा शाळेने पुष्पगुच्छ पाठवला होता आणि त्या किती खूश झाल्या होत्या. विरार स्टेशनजवळ नुकतंच एक काचेचं दुकान उघडलं होतं, तिथे आत गारव्यात फुलं ठेवलेली असत. मी रात्री जेवताना सुहासना सांगितलं.

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "तू नंदाखालला फुलं पाठवणार?"

"हो."

"नंदाखालला."

"अहो, ती विकायची फुलं. ही भेटीची. फरक आहे."

"काकांना कळेल तो?"

"माणूस बागायतदार असला तरी त्याला मन असतं," मी म्हणाले. वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. दुकानदार पोरगेलासा, पण आत्मविश्वास दांडगा.

"कुणासाठी मॅडम? बर्थडे, ॲनिव्हर्सरी?"

"आजारी माणसासाठी. जरा प्रसन्न वाटेल असं काहीतरी."

"एकदम हॅपीवाला बनवतो."

त्याने पिवळे जर्बेरा घेतले, लाल गुलाब घेतले, ग्लॅडिओलसच्या काठ्या घेतल्या, मागे नेच्याची पानं लावली. जर्बेराच्या माना पडू नयेत म्हणून देठातून तार घातली. सगळ्यावर चमकी मारली. मग खळखळणारा पारदर्शक कागद, जांभळी रिबीन, आणि एक कार्ड. कार्डावर फुलांचं चित्र आणि सोनेरी इंग्रजी अक्षरांत लवकर बरे होण्याच्या शुभेच्छा.

"पत्ता, मॅडम?"

"नंदाखाल."

त्याचा हात थांबला. "नंदाखाल? तिकडून माल येतो मॅडम. तिकडे जात नाही."

सुहासनंतर मला मिळालेली ही दुसरी सूचना होती. मी तीही घेतली नाही.

मला फिलूमावशी माहीत होत्या. काकांच्या शेजारच्याच. काकांची फुलं आपल्या फुलांबरोबर रोज पहाटे दादरला नेत आणि दहाच्या सुमारास विरारला उतरून नंदाखालच्या एसटीची वाट बघत बसत. मी गेले तर त्या होत्याच, पायाशी दोन रिकाम्या टोपल्या घेऊन.

"हे काय आनलं बाय?"

"पुष्पगुच्छ. दामूकाकांना द्यायचाय. त्यांचं ऑपरेशन झालंय ना."

मावशींनी एकदा गुच्छाकडे बघितलं, एकदा आपल्या रिकाम्या टोपल्यांकडे बघितलं. "मी पहाटे उठून तिथली फुलं तिकडं नेली. आता इकडची फुलं परत तिथं नेऊ?"

"ही भेटीची फुलं आहेत मावशी."

"भेटीला आमच्याकडं बिस्कुटं नेतात."

"माहीत आहे मला."

"मोसंबी पन नेतात."

"मावशी, माझे पेपर राहिलेत. एवढा द्याल ना?"

"देते की. पन याला प्लास्टिक कशाला गुंडाळलंय? जीव घुसमटतोय त्यांचा."

"राहू द्या ते. ते तसंच असतं."

"बरं," मावशी म्हणाल्या. नंदाखालला 'बरं' म्हणजे ऐकलं. केलं असा त्याचा अर्थ नसतो, हे मला तेव्हा लग्नाला सहा वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

मी हलक्या मनाने घरी आले आणि पेपर तपासायला बसले. एका मुलाने 'फुलाचे आत्मवृत्त' या निबंधात लिहिलं होतं की मला तोडू नका. मी त्याला मार्क वाढवून दिले, इतकी मी आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. दामूकाकांचा टाका उसवला, आगाशीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, पुन्हा शिवला, आता घरी आहेत. आणि निरोप देणाऱ्याने शेवटी जोडलं, "वैशालीवहिनींनी फुलं पाठवली, त्यामुळे झालं म्हणे."

फुलांमुळे टाका कसा उसवतो? मी निकालपत्रकं तशीच टाकून सुहासबरोबर नंदाखालला धावले.

ओटीवर काकी होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसता उसासा टाकला आणि आत बोट दाखवलं. मी पदर सावरत, माफीची वाक्यं जुळवत आत गेले. काका खाटेवर उताणे पडलेले. मला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, मागून दुसरं कुणी आलंय.

"ये, वैशाली, ये." हुद्दा गेला होता. नाव परत आलं होतं.

"काका, हे काय होऊन बसलं?"

"अगं, काही नाही, एक टाका. त्याचं काय एवढं." (माझ्याशी बोलताना काका घरातली बोली बाजूला ठेवून शाळेतलं मराठी काढत, पाहुण्यांसाठी चांगल्या कपबश्या काढाव्यात तसं.) "सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं येतायत. सगळ्यांची तीच मोसंबी. त्या कोपऱ्यात बघ. अरे, मी बागायतदार माणूस, मला फळं कसली देता? एका माणसाला कळलं नाही दामूला काय दिल्याने बरं वाटेल. फक्त तुला कळलं."

"मला?"

"फाटे पाठवलेस. नवी जात पाठवलीस. आल्याबरोबर उठलो. ओले फाटे ठेवून चालत नाहीत."

मी हळूहळू वळून दाराकडे बघितलं. दारात फिलूमावशी उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून.

झालं होतं ते असं. एसटीत बसल्याबरोबर मावशींनी तो कागद फाडला, कारण आयुष्यभर फुलं वाहणाऱ्या बाईला ती घुसमटलेली बघवेनात. रिबीन सोडली. (ती नातीला दिली, हे त्यांनी नंतर कबूल केलं.) मग देठ सुकतील म्हणून टोपलीतलं ओलं गोणपाट देठांना गुंडाळलं. म्हणजे नंदाखालला आजवर जसे फाटे येत आले, नेमकं तसंच ते घरात आलं. गोणपाटात लांब लांब काड्या, आणि सोबत रोपवाटिकेवाले देतात तसं फुलाचं चित्र छापलेलं इंग्रजी कार्ड.

आता खरं म्हणजे त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. 'काका, ते फाटे नाहीत, फुलदाणीत ठेवायचं असतं ते.' एवढंच वाक्य. पण लग्न झाल्यापासून त्या घरात माझं पहिल्यांदा कुणी कौतुक करत होतं. सुहास माझ्याकडे रोखून बघत होते. मी म्हणाले, "तुम्हाला आवडले ना, मग झालं."

"जा, बघून ये वाफा," काका म्हणाले.

काकींनी मला मागच्या वाडीत नेलं. चाफ्याच्या रांगेला लागून एक नवा वाफा, वर झावळ्यांचा मांडव, आणि त्या सावलीत माझा पुष्पगुच्छ हातभर अंतर सोडून शिस्तीत उभा होता. गुलाब एका रांगेत, फुलं छाटून. ग्लॅडिओलसला बांबूची कामटी बांधलेली. नेच्याचं पानही लावलं होतं. वाफ्याच्या तोंडाशी कामटीच्या चिरेत माझं कार्ड खोचलं होतं, जातीचं नाव म्हणून. मातीत चमकी चमकत होती.

काकींनी एक जर्बेरा बोटाने हलवून बघितला. "ही तार कसली गं आत?"

"आधाराला."

"आणि हे मातीत चकाकतंय काय?"

"खत आहे," मी म्हणाले. एकदा सुरुवात झाली की मला थांबता येत नाही.

पुढचे दहा दिवस माझे कसे गेले ते मला विचारू नका. काकांनी उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ते खाटेवरून काकींना सूचना देत. पाणी कमी घाल. सावली सरकव. संध्याकाळी निरोप येई, "काका विचारतात, याला थंडी लागते का ऊन?" मी उत्तर पाठवी, "मध्यम." तिकडे एप्रिलचं ऊन चढत होतं. आधी जर्बेरा कुजले आणि नुसत्या तारा उभ्या राहिल्या. मग ग्लॅडिओलस. मग नेचा. शेवटी गुलाबाच्या काड्या काळ्या पडल्या.

आणि नितीन पुन्हा आमच्या दारात उभे राहिले. या वेळी चेहरा उतरलेलाही नव्हता, नुसता पांढरा होता.

"वहिनी, काका देवकाला बसत नाही म्हणतात."

"का? आता काय झालं?"

"म्हणतात, माझ्या हाताचं यश गेलं. पोट कापलं तेव्हाच गेलं. वैशालीने एवढ्या विश्वासाने फाटे दिले, एकाला डोळा फुटला नाही. अशा हाताने पोराच्या लग्नाचं देवक बसवू नये म्हणतात. दुसरं कुणीतरी बघा."

"काकी काय म्हणाल्या?"

"काकी रडतात. काका जेवत नाहीत नीट. वाडीत पण जात नाहीत, तोंड भिंतीकडे करून पडून असतात."

रुसवा काढणं वेगळं. इथे सत्तरीच्या माणसाने जन्मभर ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला, ती मी तारेत ओवलेल्या फुलांनी हिरावून घेतली होती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"जाऊन खरं सांग," सुहास म्हणाले.

"काय सांगू? की मला यायला वेळ नव्हता म्हणून दुकानातून फुलं धाडली, आणि तुम्ही ती लावलीत, आणि मी दहा दिवस गप्प बसले?"

"हो. एवढंच सांग."

"सांगते की," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून चिंचोटीकडच्या हायवेवर एका नर्सरीत गेले.

तिथून गुलाबाची पाच रोपं घेतली, काळ्या पिशव्यांतली, चांगली पालवी फुटलेली. काकांना टाके काढायला आगाशीला नेणार होते तो दिवस मला ठाऊक होता. काकी सामील झाल्या. नवरा जेवत नसला की बाई कशालाही सामील होते. काकी त्यांच्याबरोबर दवाखान्यात, फिलूमावशी रस्त्यावर नजर ठेवायला, आणि मी वाडीत, हातात कुदळ.

मी शेतीतली नाही, हे वेगळं सांगायला नको. मे महिना लागला होता. सकाळी अकराचं ऊन. पहिला खड्डा खणतानाच हाताला फोड आला. काळ्या पडलेल्या काड्या उपटल्या, त्या जागी रोपं ठेवली, माती लोटली, वर पालापाचोळा पसरला. कार्ड होतं तिथेच परत खोचलं. पाचवं रोप होतंय तोच मावशींचा आवाज आला, "बाय, रिक्षा आली."

मी कुदळ केळीत फेकली आणि तोंडावर पाणी मारून ओटीवर जाऊन बसले, सहज आल्यासारखी. साडी गुडघ्यापर्यंत मातीने भरली होती. तेवढं सोडलं तर कुणाला काही संशय येण्यासारखं नव्हतं.

"काका, मी वाफा बघून आले," मी म्हणाले. "तुम्ही गेला नाहीत ना इतक्यात तिकडे? फुटलेत."

काका जागच्या जागी थांबले. मग काठी टेकत मागे गेले. आम्ही सगळे मागून. ते वाफ्याशी उभे राहिले. एका रोपाच्या टोकाला कळी होती.

"मी लावला तो लाल होता," काका म्हणाले. "ही कळी गुलाबी आहे."

"हवा बदलली ना," मी म्हणाले. "कराडला पण असंच होतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या साडीकडे बघितलं. मग वाकून तांब्यातलं पाणी एका रोपाला घातलं आणि ते पाणी मुरतंय का ते बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन जेवायला बसले.

चार दिवसांनी निरोप आला की काका देवकाला बसतायत.

मी जिंकले होते. सुहासना मी ते दिवसातून दोनदा सांगत होते. "खरं सांगून काय झालं असतं? माणसाचं मन मोडलं असतं. थोडी अक्कल वापरावी लागते." ते "हं" म्हणत आणि पेपर वाचत. नितीनचं लग्न थाटात झालं. काका नवं धोतर नेसून, काकींच्या शेजारी ताठ बसले, आणि त्याच हातांनी देवक बसवलं. मी एका खांबाशी उभी राहून डोळे पुसले. आपण केलं हे, असं मनात म्हणत पुसले, हेही सांगून टाकते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे परतायला निघाले तेव्हा काकींनी सगळ्या सुनांच्या ओट्या भरल्या. माझी ओटी भरून झाल्यावर काका खुर्चीवरून म्हणाले, "वैशालीचं एक राहिलंय. थांबा सगळे." आणि त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं.

मला वाटलं साडी. मोठ्या सुनेचा मान. सगळ्या सुना बघत होत्या. मी ते सगळ्यांसमोर सोडलं.

आत पाच काळ्या पिशव्या होत्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घड्या घातलेल्या.

"पिशवीसकट लावलीस गं," काका म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "मुळं बाहेर येणार कुठून?"

मी म्हणाले, "मुळांना धक्का लागू नये म्हणून..." आणि मग सगळं सोडून सरळच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं, काका?"

"तांब्या ओतला तेव्हाच. पाणी वर तळं होऊन बसलं. तू गेल्यावर उकरून बघितलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय करू? मला भेटायला आजवर जी माणसं आली ती खुर्चीवर बसून चहा पिऊन गेली. तू मे महिन्याच्या उन्हात माझ्या वाफ्यात खड्डे खणलेस. साडीची काय दशा झाली होती ती बघितली की मी." काकांनी पिशव्यांकडे बोट दाखवलं. "आणि दुसरं असं, की मी रोपं काढली, पिशव्या कापल्या, परत लावली. भर मेमध्ये. पाचही जगली. पिशवीत लावलेलं झाड ज्या हाताने जगतं, त्या हाताचं यश गेलं असं कसं म्हणू? म्हणून बसलो देवकाला."

मला रडू आलं. आणि रडताना जे आतापर्यंत पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. "काका, ते आधीचे फाटे नव्हतेच. दुकानातली फुलं होती. नुसती बघायची. मला यायला जमलं नाही म्हणून पाठवली होती."

काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. "नुसती बघायची? आणि त्या तारा?"

"माना पडू नयेत म्हणून."

"आणि ते खत?"

"चमकी."

काका आधी खांद्यातून हलले. मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. मग फिलूमावशी पदरात तोंड घालून हसायला लागल्या, मग नितीन, मग नवी नवरी, जिला अजून आमच्यात कोण कोण आहे तेही माहीत नव्हतं. काकी पोटाकडे हात करून ओरडत होत्या, "हसू नका हो, टाका उसवेल." सुहास भिंतीला टेकून हसत होते, आणि मी कितीतरी दिवसांत त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं.

ते गुलाब अजून आहेत. काकांनी त्यांचे फाटे गावभर दिले. जातीचं नाव कुणी विचारलं तर 'वैशाली' सांगतात, आणि लावताना आधी पिशवी काढा म्हणतात.

मी त्यानंतर कुणाला पुष्पगुच्छ पाठवलेला नाही. नंदाखालला कुणी आजारी पडलं की तीन दिवसांच्या आत स्वतः जाते, हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन. काका ओटीवर बसलेले असतात. पुड्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि आत काकींना हाक मारून सांगतात, "अगं, वैशाली बिस्किटं घेऊन आलीय. कुदळ आत ठेव."